भट्टी, मक्ता आणि स्थलांतरित मालक : उरणच्या पारशी दारूभट्ट्या व वऱ्हाडातील मोहाची दारू – एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई बंदरासमोरील उरण हे छोटे गाव देशी दारूच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र बनले. येथील भट्ट्यांचे मालक मुख्यतः गुजरातेतून कोकणात आलेले पारशी होते. या भट्ट्यांचा उदय, त्यांना लाभलेले सरकारी संरक्षण आणि दारूबंदीमुळे झालेला त्यांचा शेवट यांचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. उरणचा मालक हा दारूचा निर्माता असण्यापेक्षा अबकारी कायद्याची निर्मिती होता, असे येथे प्रतिपादन केले आहे. ज्या कायद्याने त्याला भट्टीचा मालक केले, त्याच कायद्याने गावातील मोह गाळणाऱ्यास गुन्हेगार केले. यवतमाळ जिल्ह्यातील मोहाच्या दारूचा प्रश्न समजून घेण्यासाठी उरणचा इतिहास उपयुक्त ठरतो.

बीजसंज्ञा : अबकारी, मक्ता, मोहफूल, उरण, पारशी समाज, वऱ्हाड, दारूबंदी.

१. प्रस्तावना

वसाहतकालीन भारतातील मद्योद्योगाचा विचार करताना दोन प्रकारचे स्थलांतरित मालक आढळतात. पहिला प्रकार युरोपीय मद्यउत्पादकांचा होय. एडवर्ड डायर याने १८५५ च्या सुमारास कसौली येथे बिअरचा कारखाना काढला. पुढे मीकिन याने तो विकत घेऊन हा व्यवसाय अन्य थंड हवेच्या ठिकाणी व लष्करी छावण्यांकडे वाढविला. या कारखान्यांचे गिऱ्हाईक मुख्यतः गोरे सैनिक होते. त्यामुळे देशी लोकांच्या पेयसंस्कृतीशी त्यांचा फारसा संबंध आला नाही.

दुसरा प्रकार देशी दारू गाळणाऱ्या मालकांचा होय. त्यांचे गिऱ्हाईक गिरणी कामगार, कोळी, आगरी, कातकरी, वारली, गोंड आणि कोलाम असे श्रमजीवी लोक होते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. या लोकांच्या घरात, वाडीत आणि जंगलात भट्टी पूर्वीपासून होती. ती तेथून उठवून परक्या मालकाच्या आवारात नेण्यात आली, आणि या स्थित्यंतराचे सर्वात स्पष्ट उदाहरण म्हणजे उरण.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मक्तेदारीच्या परंपरेत पारशी स्थलांतरितांचे स्थान स्पष्ट करणे. (२) उरण येथे दारूउत्पादन केंद्रित होण्याची कारणे तपासणे. (३) १८७८ व १८९२ च्या कायद्यांचा मालक आणि ग्रामीण उत्पादक यांच्यावरील परिणाम पाहणे. (४) या अनुभवाचा वऱ्हाडातील, विशेषतः यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थितीशी संबंध जोडणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, कायदे, न्यायालयीन निर्णय आणि प्रकाशित इतिहासलेखन यांतील माहितीचा आधार घेतला आहे.

३. कायद्यापूर्वीची भट्टी

कोकण किनाऱ्यावर दारूचे दोन मुख्य स्रोत होते. एक माडाची व ताडाची ताडी, दुसरा मोहाचे फूल. ताडी काढण्याचा व ती गाळण्याचा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. मोहाची दारू मात्र कोणत्याही एका जातीची मिरास नव्हती. जेथे मोहाचे झाड होते तेथे ती गाळली जात असे. विदर्भात कलार हा दारू गाळणारा व विकणारा समाज होता, तरी आदिवासी कुटुंबे स्वतःपुरती दारू स्वतःच काढीत.

मोह गाळण्याची कृती साधी आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या वेळी मोहाची फुले गळतात. ती वेचून उन्हात वाळविली जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास भाग शर्करेचा असतो. ही फुले पाण्यात काही दिवस भिजत ठेवली की आंबतात. या आंबवणास विदर्भात ‘सडवा’ म्हणतात. सडवा मडक्यात घालून चुलीवर ठेवतात आणि वाफ नळीतून थंड पाण्यातील दुसऱ्या भांड्यात उतरवितात. आरंभी उतरते ती ‘पहिल्या धारेची’ दारू सर्वात कडक असते. एकदा गाळलेली दारू पुन्हा गाळली म्हणजे ती ‘बेवडा’, अर्थात दुबार काढलेली होते. आज मद्यपी माणसाला लावला जाणारा हा शब्द मूळ दारूच्या प्रतीचा आहे.

या कृतीला लागणारे भांडवल म्हणजे दोन-तीन मडकी, सरपण आणि फुले. मोठ्या मालकाची त्यात काहीच गरज नव्हती. जन्म, विवाह, मृत्यू, पेरणी आणि देवकार्य या प्रसंगी मोहाची दारू देवास अर्पण केली जात असे. टंचाईच्या दिवसांत तेच फूल शिजवून किंवा भाजून खाल्ले जाई. म्हणजे मोह एकाच वेळी अन्न, नैवेद्य आणि मद्य होता. पुढील काळातील कायद्याने मात्र त्याचा विचार जवळजवळ केवळ मद्याचे कच्चे द्रव्य म्हणून केला.

४. मक्त्याची परंपरा आणि पारशी स्थलांतरित

‘अबकारी’ हा शब्द फारसीतून आलेला असून दारूवरील कर या अर्थाने तो ब्रिटिशपूर्व काळापासून रूढ आहे. मराठीतील ‘गुत्ता’ हा शब्दही या संदर्भात लक्षणीय आहे. गुत्ता म्हणजे मूलतः मक्ता किंवा ठेका. दारूविक्रीचा ठेका ज्या ठिकाणी चाले ते ठिकाणच पुढे लोकांच्या तोंडी ‘दारूचा गुत्ता’ झाले. दारूचे दुकान आणि सरकारचा ठेका या दोन गोष्टी लोकांच्या अनुभवात किती एकरूप होत्या, हे यावरून दिसून येते.

मक्तेदार होण्यासाठी रोख रक्कम, पत आणि सरकारदरबारी ओळख या तीन गोष्टी लागत. स्थानिक जातींशी नातेसंबंध नसलेला बाहेरचा माणूस या कामास सोयीचा ठरे. कारण वसुली करताना त्याला गावकीची भीड आडवी येत नसे. पारशी समाजातील अनेक कुटुंबे या कसोटीस उतरली. सुरत, नवसारी, भरुच या भागांतून ही कुटुंबे अठराव्या व एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याने मुंबईपर्यंत पसरली होती.

याचे एक ठळक उदाहरण वऱ्हाडशी निगडित आहे. तारापूर येथील विकाजी मेहरजी व पेस्तनजी मेहरजी या बंधूंनी उत्तर कोकणातील जकातीच्या मक्त्यांतून व्यवसाय वाढवीत निजामाच्या राज्यात प्रवेश केला. १८२५-२६ मध्ये या पेढीने पाचशे बैलांवर लादून सुमारे १,२०,००० पौंड कापूस वऱ्हाडातून मुंबईस पाठविला. वऱ्हाडच्या कापसाची मुंबईस झालेली ही पहिली निर्यात मानली जाते. पुढे चंदुलाल हा निजामाचा दिवाण असताना या पेढीने सरकारला मोठी कर्जे दिली आणि त्या बदल्यात वऱ्हाडातील महसूल तिच्याकडे लावून देण्यात आला. मात्र १८४० च्या दशकात निजाम सरकारने हे मुलूख परत घेतले. कर्जाची फेड झाली नाही आणि ब्रिटिश सरकारकडे केलेल्या विनवण्याही निष्फळ ठरल्या. वऱ्हाडात अधिकार गाजविणारी ही पेढी कोसळली. मक्त्यावर उभे असलेले वैभव राज्यकर्त्यांच्या मर्जीबरोबर जाते, हा या घटनेचा अर्थ उरणच्या संदर्भातही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दुसरे उदाहरण भांडुपचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साष्टी बेटावरील भांडुपची जहागीर ल्यूक ॲशबर्नर या इंग्रज गृहस्थाकडे होती. तेथील रमची भट्टी सरकारला दारू पुरवीत असे. ॲशबर्नरने ही मालमत्ता आपला पारशी कारभारी कावसजी माणेकजी यास विकली आणि त्या कुटुंबाने ‘ॲशबर्नर’ हेच आडनाव धारण केले. शतकाच्या मध्यास मॉरिशसची रम स्वस्त पडू लागली, तेव्हा भांडुपच्या रमची सरकारी मागणी संपुष्टात आली. येथेही मालकाचे नशीब एकाच मोठ्या ग्राहकाशी, म्हणजे सरकारशी बांधलेले होते.

५. उरणच का?

उरण हे करंजा बेटावरील गाव. मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर असल्याने मोरा बंदरातून मुंबईशी त्याचा जलमार्गाने सतत संबंध होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे बेट मराठ्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. प्रशासकीय दृष्ट्या ते प्रथम ठाणे व नंतर कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात समाविष्ट झाले. मिठागरे हा येथील जुना उद्योग होता.

उरणमध्ये भट्ट्या एकवटण्यामागे चार कारणे दिसतात. पहिले कारण बाजारपेठेचे. मुंबई हे वेगाने वाढणारे औद्योगिक शहर हाकेच्या अंतरावर होते. दुसरे कारण कराचे. उरण मुंबई बेटाबाहेर होते. तेथून निघणारा माल होडीने एकाच वाटेने शहरात येई, त्यामुळे त्यावर कर आकारणे सोपे होते. या अर्थाने उरण हे करसीमेवरचे गाव होते. तिसरे कारण देखरेखीचे. मिठावरील कर वसूल करणारी यंत्रणा तेथे आधीपासूनच होती आणि बेट असल्याने चोरवाटा मर्यादित होत्या. चौथे कारण कच्च्या मालाचे. मोहफूल मुख्यतः गुजरातेतील पंचमहाल भागातून येई. रेल्वे सुरू झाल्यावर ते मोठ्या प्रमाणावर मुंबईस आणणे व तेथून होडीने उरणला पोचविणे शक्य झाले.

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ज्या गावात मोहाची राई नाही ते गाव मोहाच्या दारूचे केंद्र झाले, आणि ज्या डोंगराळ तालुक्यांत मोह विपुल होता तेथील भट्ट्या बंद झाल्या. निसर्गाने ठरविलेले उत्पादनाचे स्थान कराच्या सोयीने बदलले. पारशी मालकांजवळ मोह नव्हता, तसेच दारू गाळण्याचे वंशपरंपरागत कसबही केवळ त्यांचे नव्हते. त्यांच्याजवळ भांडवल होते आणि परवाना होता.

६. १८७८ चा अबकारी कायदा व मध्यवर्ती भट्टी

मुंबई इलाख्यात १८२७ च्या विनियमापासून दारूवरील कराची तरतूद होती. तथापि तिची अंमलबजावणी ठिकठिकाणी वेगळी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने (१८७८ चा पाचवा कायदा) या व्यवस्थेस एकसूत्री रूप दिले. परवान्याशिवाय दारू गाळणे, बाळगणे, नेणे आणि विकणे हा अपराध ठरला. या धोरणाचा शिल्पकार चार्ल्स प्रिचर्ड हा सनदी अधिकारी होता. मीठ, अफू व अबकारी ही खाती त्याच्या देखरेखीखाली होती.

प्रिचर्डच्या योजनेची सूत्रे तीन होती. गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारू एका बंदिस्त आवारातच गाळावी. जिल्ह्याचा पुरवठा एका मक्तेदाराकडे द्यावा आणि त्याने सरकारला ठरावीक किमान रकमेची हमी द्यावी. कर मात्र दारूच्या तीव्रतेनुसार, प्रत्येक गॅलनमागे आकारावा. त्यासाठी दारूच्या तीव्रतेचे प्रकार निश्चित झाले. प्रमाणाखाली २५ अंश आणि प्रमाणाखाली ६० अंश अशा दोन प्रतींची दारू इलाख्यात विकली जाऊ लागली. ‘पहिल्या धारेची’ आणि ‘बेवडा’ या लोकभाषेतील प्रतींची जागा सरकारी मापाने घेतली.

ताडीच्या बाबतीत झाडामागे घेतल्या जाणाऱ्या करात मोठी वाढ करण्यात आली. परिणामी भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय संकटात आला आणि १८८० च्या दशकात त्यांनी झाडे छेदण्याचे नाकारून विरोध नोंदविला. ताडीपासून गाळलेली दारू महाग झाली आणि मध्यवर्ती भट्टीतील मोहाच्या दारूस बाजार मोकळा झाला. उरणच्या मालकांचा उत्कर्ष हा या कर-रचनेचा परिणाम होता. तो केवळ त्यांच्या व्यापारी कौशल्याचा परिणाम म्हणता येत नाही. दारूवरील उत्पन्न पुढे मुंबई सरकारच्या महसुलात जमीन महसुलाखालोखाल महत्त्वाचे ठरले.

मालकाची स्थितीही नीट पाहणे आवश्यक आहे. भट्टीचे आवार कुंपणाने बंदिस्त असे. सरकारी अधिकारी तेथे बसे. त्याच्या मोजमापाशिवाय माल बाहेर जात नसे. मक्त्याची मुदत ठरलेली असे आणि किमान रक्कम मात्र विक्री होवो न होवो भरावीच लागे. ही रक्कम निघावी म्हणून मक्तेदाराला विक्री वाढविणे भाग पडे आणि गावातील बेकायदा भट्ट्या शोधून काढण्यातही त्याचा स्वार्थ निर्माण होई. अशा रीतीने खासगी व्यापारी हा सरकारचा अर्धा पहारेकरी झाला.

७. मोहफुलावरील निर्बंध : १८९२ चा कायदा

भट्टी बंद केली तरी झाड उभेच होते. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील आदिवासींना घरच्या घरी दारू गाळणे सहज शक्य होते आणि ती मक्तेदाराच्या दारूपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. म्हणून १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलासंबंधीचा स्वतंत्र कायदा (१८९२ चा तिसरा कायदा) केला. त्यान्वये या दोन जिल्ह्यांत मोहफुले जवळ बाळगणे, त्यांची वाहतूक व विक्री यांवर निर्बंध घालण्यात आले.

या कायद्याचे महत्त्व दारूपुरते मर्यादित नाही. जंगलातून वेचलेले, जमिनीवर आपोआप गळालेले फूल घरात ठेवणे हीच संशयास्पद गोष्ट ठरली. फुले वेचण्याचे काम मुख्यत्वे स्त्रिया व मुले करीत. त्यामुळे कायद्याचा प्रत्यक्ष त्रास त्यांनाच अधिक झाला असणार हे उघड आहे. उरणला मात्र पंचमहालचे तेच फूल रेल्वेच्या डब्यांतून व होड्यांतून राजरोस येत होते. फूल एकच, परवान्याच्या कागदावर त्याची वैधता अवलंबून होती.

याच काळात अबकारी धोरणावर सार्वजनिक टीका सुरू झाली. १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये सॅम्युअल स्मिथ व डब्ल्यू. एस. केन यांच्या पुढाकाराने भारतविषयक मद्यपाननिषेधक संस्था स्थापन झाली आणि १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात भारतातील अबकारी धोरणाविरुद्ध ठराव संमत झाला. काँग्रेसच्या व्यासपीठावरून या धोरणावर टीका करणाऱ्यांत दिनशा वाच्छा हे पारशी नेते होते. १९०८ मध्ये पुण्यात लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. ‘पारशी म्हणजे दारूवाला’ हे समीकरण किती अपुरे आहे हे वाच्छांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

८. वऱ्हाडातील चित्र

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. पैनगंगेच्या दक्षिणेस निजामाचे राज्य आणि वर्धा नदीच्या पूर्वेस मध्य प्रांतातील चांदा जिल्हा, अशा दोन नदीसीमांमध्ये हा जिल्हा वसला होता. नदीच्या दोन तीरांवर दोन सरकारे असली म्हणजे कर, किंमत आणि पहारा यांत फरक पडतो आणि दारू त्या फरकाच्या दिशेने वाहते. सीमावर्ती प्रदेशाचे हे वैशिष्ट्य या जिल्ह्याच्या इतिहासात वारंवार प्रकट झाले आहे.

केळापूर, वणी, घाटंजी, झरी-जामणी या पट्ट्यांत मोहाची झाडे विपुल असून गोंड, कोलाम, परधान या समाजांच्या जीवनात मोहाचे स्थान कोकणातील वारली-कातकऱ्यांच्या जीवनातील स्थानासारखेच आहे. विक्रीचा व स्थानिक भट्टीचा हक्क लिलावाने देण्याची गुत्त्याची पद्धत येथेही होती. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने ठेकेदारामार्फत मोठ्या भट्टीतून पुरवठा करण्याची पद्धत सर्वत्र शिफारस केली. त्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडातही दूरच्या भट्टीतील दारू गोदामातून दुकानात येण्याची रीत रुजली. म्हणजे उरणमध्ये जे १८७८ नंतर घडले त्याची आवृत्ती थोड्या उशिराने येथे निघाली. मुंबई इलाख्याचा अनुभव हा अपवाद नव्हता, तर तो पुढे देशभर अनुसरल्या गेलेल्या धोरणाचा आरंभीचा नमुना होता.

९. मालकाची प्रतिमा आणि लोकांचा प्रतिसाद

कायदा सरकारचा असला तरी लोकांच्या डोळ्यांसमोर उभा राहणारा माणूस दुकानाच्या गल्ल्यावरचा पारशी होता. दक्षिण गुजरातेत पारशी दुकानदारांनी दारूची उधारी देऊन आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर घेतल्या. डेव्हिड हार्डिमन यांनी हा इतिहास सविस्तर मांडला आहे. १९२२ मध्ये वसई-पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात सुरू झालेली देवीची चळवळ नाशिक, डांगमार्गे सुरत जिल्ह्यात पोचली. ‘देवी’ने अंगात येऊन दारू-ताडी सोडण्याची आज्ञा केली आणि हजारो आदिवासींनी ती पाळली. त्यांनी पारशी दुकानदार व जमीनदारांवर बहिष्कार घातला. हा बहिष्कार केवळ नैतिक सुधारणेचा नव्हता. परक्या मालकीची दारू नाकारण्याचा तो सामूहिक निर्णय होता.

तथापि इतिहासकाराने येथे सावध राहिले पाहिजे. पारशी मक्तेदाराचे वर्तन निर्दोष नव्हते, परंतु त्याला ते अधिकार देणारी व्यवस्था त्याने निर्माण केलेली नव्हती. सरकारने उत्पन्न घेतले आणि रोष मक्तेदाराच्या वाट्यास दिला. परक्या समाजाचा माणूस मध्ये उभा करण्याचा हा राजकीय लाभ राज्यसंस्थेस मक्त्याच्या पद्धतीतून नेहमीच मिळत आला आहे. वऱ्हाडातील विकाजी-पेस्तनजींच्या पेढीचा अनुभव याच प्रकारचा होता. ‘दारूवाला’, ‘पीठावाला’, ‘ताडीवाला’ ही पारशी आडनावे त्या इतिहासाच्या खुणा म्हणून उरली आहेत.

१०. दारूबंदी आणि भट्ट्यांचा अस्त

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेस मंत्रिमंडळ आले. अबकारी खात्याचे मंत्री डॉ. एम. डी. डी. गिल्डर हे स्वतः पारशी होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू करण्यात आली. बुडणारे उत्पन्न भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मालमत्तेवर कर बसविण्यात आला. पारशी समाजातून या दोन्ही उपायांना तीव्र विरोध झाला, कारण त्यांचा फटका समाजाच्या व्यवसायाला व मालमत्तेला एकाच वेळी बसत होता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा पहिला प्रयोग फार काळ टिकला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदीचे धोरण अमलात आले. या कायद्यास एफ. एन. बलसारा या पारशी नागरिकाने न्यायालयात आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांना लागू होणारा काही भाग तेवढा रद्द झाला. दारूबंदी राबविणारा मंत्री पारशी, तिला आव्हान देणारा अर्जदार पारशी आणि तिच्यामुळे व्यवसाय गमावणारे मालकही पारशी, हा योग अभ्यासकाचे लक्ष वेधून घेतो.

उरणच्या भट्ट्यांचा काळ या धोरणाबरोबर संपला. त्यांना अन्य बाजारपेठ नव्हती, कारण त्यांची बाजारपेठच मुळात कायद्याने आखून दिलेली होती. महाराष्ट्रात दारूबंदीचे धोरण १९६० च्या दशकात शिथिल झाले, पण तोवर मद्योद्योगाचा कच्चा माल बदलला होता. साखर कारखान्यांतील मळी हा मद्यार्काचा मुख्य स्रोत बनला आणि मोहाची परवानाधारक भट्टी इतिहासजमा झाली. उरण परिसरात पुढे तेल व वायू प्रकल्प आले आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले.

११. यवतमाळच्या संदर्भात

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा विदर्भास लागू करण्यात आला. आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने तोच कायदा अस्तित्वात आहे. उरणचे मालक गेले, परंतु त्यांच्या रक्षणासाठी आखलेली चौकट टिकून राहिली. परवानाधारक दुकानात बाटलीबंद दारू वैध आणि घरातील मडक्यातील मोहाचा सडवा अवैध, हा भेद मूलतः १८७८ चा आहे. मोहाचा सडवा नष्ट केल्याच्या व त्या प्रकरणी गुन्हा नोंदविल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत नित्य वाचावयास मिळतात.

सीमेचा प्रश्नही कायम आहे. शेजारचा वर्धा जिल्हा १९७५ पासून दारूबंदीखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत दारूबंदी होती. त्या काळात वर्धा नदीच्या अलीकडील वणी तालुका दारूबंदी असलेल्या प्रदेशाच्या काठावर आला. नदीच्या दोन तीरांवर दोन नियम, ही निजामकालीन परिस्थिती वेगळ्या रूपात परतली. याच सुमारास यवतमाळ जिल्ह्यातील स्त्रियांनी संघटित होऊन जिल्हा दारूबंदीची मागणी लावून धरली. संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी वऱ्हाडात केलेल्या व्यसनमुक्तीच्या प्रबोधनाचा वारसा या मागणीमागे आहे आणि दारूमुळे उद्ध्वस्त झालेल्या संसारांचे वास्तवही आहे. ते वास्तव कोणत्याही ऐतिहासिक विवेचनाने कमी लेखता येणार नाही.

परंतु इतिहास एक भेद करावयास शिकवितो. दारूमुळे होणारी हानी रोखणे आणि दारूचे उत्पादन कोणाच्या हाती असावे हे ठरविणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वसाहतकालीन सरकारने पहिलीचे नाव घेऊन दुसरी साधली. बंदी आणि परवाना यांपैकी कोणताही मार्ग स्वीकारला तरी मोहफूल वेचणाऱ्या कोलाम वा गोंड स्त्रीचे स्थान त्यात काय राहील, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. १८७८ व १८९२ मध्ये तो विचारला गेला नाही.

१२. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) उरणच्या पारशी भट्टीमालकांचा उदय हा जकात, महसूल व अबकारी यांच्या मक्तेदारीच्या दीर्घ परंपरेचा भाग होता. वऱ्हाडातील विकाजी-पेस्तनजी यांची पेढी ही त्याच परंपरेची पूर्वपीठिका होय.

(२) उरणची निवड मोहाच्या उपलब्धतेमुळे झाली नाही. करवसुली, देखरेख आणि मुंबईची बाजारपेठ यांच्या सोयीने झाली.

(३) १८७८ व १८९२ च्या कायद्यांनी एकीकडे परवानाधारक मालक आणि दुसरीकडे बेकायदा दारू गाळणारा अशा दोन व्यक्ती एकाच वेळी निर्माण केल्या. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करता येत नाही.

(४) स्थलांतरित मालक हा लाभार्थी असला तरी स्वतंत्र नव्हता. राज्यसंस्थेचे धोरण बदलताच त्याचा व्यवसाय संपला.

(५) मालक नाहीसा झाला तरी कायद्याची चौकट शिल्लक राहिली. यवतमाळसारख्या मोहबहुल व सीमावर्ती जिल्ह्यात दारूविषयक धोरण ठरविताना या चौकटीचा उगम करवसुलीत आहे, लोकहितात नाही, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.